माल की मदतनीस?

नागपूरहून कुठेही जायचं म्हटलं की अंतर मोठंच निघतं. देशाच्या मधोमध असण्याची ही किंमत. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि हजिरा-पारादीप हा क्रमांक ५३ इथे एकमेकांना छेदतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहराबाहेर शिवमडक्याला सुरू होतो, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तो सलग ठाणे जिल्ह्यापर्यंत जातो. रस्ते झाले. पण ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, जो चाकाच्या खुर्चीवर आहे किंवा ज्याला केव्हाही फिट येऊ शकते, आणि ज्याच्या सोबतीला नेमक्या त्या कामासाठी तयार केलेला कुत्रा आहे, त्याने या रस्त्यांवरून लांबचा प्रवास कसा करायचा? एक उत्तर हल्ली ऐकू येतं: मोटरहोम घ्या. बिछाना, चूल, संडास सगळं गाडीत, कुत्राही गाडीत, कोणाच्या पाया पडायला नको. या उत्तराला माझा पाठिंबा अर्धाच आहे. उरलेला अर्धा का नाही, ते जुन्या शास्त्रार्थाच्या रीतीने पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून सांगतो. उत्तरपक्ष माझा. पूर्वपक्ष माझा नसला तरी तो मुद्दाम कच्चा ठेवलेला नाही. नागपुरात चार लोकांत हा विषय काढला तर जे ऐकू येईल तेच त्यात आहे.

पूर्वपक्ष: भाऊ, ज्या स्टेशनावर चारही दिशांच्या गाड्या थांबतात, तिथल्या माणसाला फिरतं घर कशाला हवं? रेल्वे अंध प्रवाशाला भाड्यात सवलत देते, त्याच्या सोबत्यालाही देते. घरातला एक माणूस बरोबर घ्यावा आणि निघावं. कुत्र्याची हौस घरी पुरवावी.

उत्तरपक्ष: सवलतीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पूर्ण अंध प्रवाशाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाड्याच्या ७५ टक्के, प्रथम आणि द्वितीय वातानुकूलितमध्ये ५० टक्के सूट मिळते, आणि बरोबरच्या एका माणसालाही तेवढीच. पण या नियमातून काय निघतं ते पाहा. सोबती हा प्रवाशाच्या प्रवासाचाच भाग आहे, चैन नव्हे, हे तत्त्व रेल्वेने मान्य केलं आहे. तोच सोबती चार पायांचा निघाला की तत्त्व बदलतं. कुत्र्यासाठीचा सर्वसाधारण नियम असा, की प्रथम वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित केलीत तर तो तुमच्याजवळ. नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, सामानाच्या दराने, पावती फाडून. द्वितीय आणि तृतीय वातानुकूलित, शयनयान, चेअरकार यांत त्याला जागा नाही. रस्ता, रेल्वे, जहाज, विमान या सगळ्यांना लागू असलेले प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे. त्यांत कुत्र्यामांजरांवर वेगळं प्रकरण आहे, पशुवैद्याचा दाखला बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या नियमांच्या नजरेला जो दिसतो तो पाठवायचा माल. आणि ज्या कायद्याने त्याला मदतनीस म्हणायचं, तो २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार सांगतो, कलम ४१ मध्ये सर्व वाहतूक साधनांपर्यंत पोहोच देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो, पण मदतनीस कुत्रा म्हणजे कोण, हे कुठेच ठरवत नाही. म्हणजे एका कायद्यात तो माल आहे आणि दुसऱ्यात तो नाहीच.

‘घरातला एक माणूस’ हेही इतकं सोपं नाही. त्या माणसाची रजा, त्याची तब्येत, त्याची इच्छा, या सगळ्यांवर दुसऱ्याचा प्रवास टांगलेला राहतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. ती पद्धत अमेरिकेत गेली तेव्हा १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध तरुण आपल्या कुत्रीला घेऊन भर रहदारीतून एकटा चालू लागला आणि पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. हात धरून नेणारी माणसं फ्रँकजवळ होतीच. त्याला हवं होतं ते कोणी न नेता जाता येणं.

पूर्वपक्ष: म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत की मोटरहोम बरं. रेल्वे नको, हॉटेलवाल्याशी वाद नको, शेजारच्या प्रवाशाला अॅलर्जी नको. आपली गाडी, आपला कुत्रा, आपला रस्ता. कायदा बदला, सगळ्यांना दारं उघडायला लावा, हा खटाटोप कोणासाठी?

उत्तरपक्ष: मोटरहोमचं जे चांगलं आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करतो. ज्याचं शरीर ठरावीक बिछाना, ठरावीक उंचीची बैठक, ठरावीक वेळची औषधं मागतं, त्याला दर मुक्कामी नव्या खोलीशी झुंजावं लागत नाही. कुत्र्यालाही तोच वास, तोच कोपरा, तेच पाण्याचं भांडं मिळतं. जागा सतत बदलली की शिकवलेला कुत्राही गडबडतो. आणि विदर्भाला या कल्पनेचं नवल वाटायचं कारण नाही. नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसणं अशक्य झालं होतं. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. तरी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा तरुण-तरुणी सायकलींवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत बसवलेल्या बिछान्यावर, असा तो प्रवास झाला. त्या गाडीला कोणी चैन म्हटलं नाही. शरीराला जमत नव्हतं ते गाडीने केलं, एवढंच.

पण त्याच उदाहरणात माझा आक्षेपही आहे. बाबांची गाडी गावोगाव थांबत होती, आणि थांबली की माणसं भेटत होती. तिचा उपयोग लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी होता. तुम्ही जे मोटरहोम सुचवता ते उलट्या कामासाठी आहे: लोकांना त्रास नको म्हणून या माणसाला आणि त्याच्या कुत्र्याला आत ठेवणं. हॉटेलच्या दारात अडवलं, खा गाडीत. लॉजवर नाही म्हणाले, झोपा गाडीत. मग ती सोय राहत नाही, चाकांवरची वेगळी पंगत होते.

पूर्वपक्ष: पंगत वगैरे मोठे शब्द झाले. व्यवहाराचं बोला. गाडीत सगळं आहे तर बाहेर पडायचंच कशाला?

उत्तरपक्ष: व्यवहाराचंच बोलू, आणि नागपूरच्या मे महिन्यापासून सुरू करू. मे २०१३ मध्ये या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांतल्या थोड्या ग्रंथी सोडल्या तर धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की तोही तोकडा पडतो. बंद गाडीचं काय होतं, ते अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. बाहेरची हवा सुखद असतानाही उन्हात उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. मोटरहोमला एसी असतो, हे खरं. पण इंजिन बंद केलं की तो बॅटरीवर. बारा व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जवळपास अडीच युनिट वीज. दीड किलोवॉट खाणारा एसी त्यावर जेमतेम दीड तास चालेल. म्हणजे मालकाला हॉटेलात प्रवेश आहे आणि कुत्र्याला नाही, अशी स्थिती असली की उरतात तीनच वाटा: कुत्र्याला तापत्या गाडीत सोडायचं, डिझेल जाळत इंजिन चालू ठेवायचं, किंवा मालकानेही न उतरता जायचं. फिरत्या घराची उपयुक्तता दोन थांब्यांच्या मधे असते. प्रवास अडतो तो थांब्यावर, आणि थांबा तुमच्या मालकीचा नसतो. दवाखाना, औषधाचं दुकान, बँक, नातेवाइकांची सोसायटी, पंक्चरवाल्याच्या बाजूची सावलीतली टपरी, यांपैकी काहीही गाडीत बसवता येत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडी रात्रभर उभी करायची तर पाणी, वीज आणि मैला रिता करायची सोय असलेली जागा लागते, हे त्यात धरलेलं आहे. केरळनेही त्याच वर्षी आपली योजना काढली. चांगलं आहे. पण ही धोरणं पर्यटक डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात. विजेचा प्लग हा कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न आहे, रॅम्प हा मालकाच्या उतरण्याचा प्रश्न आहे, असं धरून जागा आखली तर ते धोरण आपल्या विषयाला उपयोगी पडेल. (गॅरेजमध्ये टेम्पो ट्रॅव्हलर नेऊन मनाला येईल तसं घर करून घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं; नोंदणीतला तपशील आणि गाडी जुळली नाही तर विम्याच्या दाव्याच्या वेळी सगळा हिशेब निघतो. अपंग व्यक्तीसाठी केलेल्या बदलांना त्याच कायद्यात वेगळी वाट आहे, ती धरावी.)

पूर्वपक्ष: एक साधी शंका आहे. अंध माणूस मोटरहोम चालवणार नाही. म्हणजे चालवणारा डोळस माणूस बरोबर आलाच. मग कुत्र्याचं काम काय उरलं?

उत्तरपक्ष: चालवणारा गाडी चालवतो. चारशे किलोमीटर हाकून आलेला माणूस मुक्कामाला झोपतो, झोपलाच पाहिजे. त्याने जागं राहून संडासापर्यंत हात धरणं ही अपेक्षाच धोक्याची आहे. शिवाय तुम्ही फक्त अंधत्व धरलंत. ऐकू न येणाऱ्याला धुराचा गजर किंवा दारावरची थाप कळवणं, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची खाली पडलेली वस्तू उचलून देणं, दार ओढणं, मधुमेहींमध्ये साखर उतरताना अंगाचा वास बदलतो तेव्हा पंजा मारून उठवणं, फिट आलेल्या माणसापाशी थांबून घरच्यांना बोलावणं, ही सगळी शिकवलेली कामं आहेत. शिकवायला दोन वर्षांच्या आसपास लागतात. हौसेच्या कुत्र्याला हे येत नाही, आणि म्हणूनच हौसेच्या कुत्र्यासाठी मी इथे काहीच मागत नाही.

पूर्वपक्ष: धर्मराजाने कुत्र्याशिवाय रथात पाय ठेवला नाही, ते उदाहरण कसं नाही आलं अजून?

उत्तरपक्ष: कारण ते इथे लागू नाही. तो निष्ठेचा प्रश्न होता. निष्ठेवर प्रवेश मागितला तर प्रत्येक श्वानप्रेमी रांगेत उभा राहील.

पूर्वपक्ष: तो राहणारच, तुम्ही अडवू शकणार नाही. आज मदतनीस कुत्र्याला दार उघडा, उद्या जो तो आपल्या पमेरियनला पट्टा बांधून मदतनीस म्हणेल. आणि हे कोणत्या शहरात सांगता आहात? इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगावं लागलं, की मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं तर त्यांना दत्तक घेऊन घरी न्या. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त भारतात होतात. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारांतून मोकाट कुत्रे हटवायला सांगितले. लोक कुत्र्यांना भिऊन आहेत आणि तुम्ही त्यांना टेबलाशेजारी बसवायला निघालात.

उत्तरपक्ष: हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, त्यामुळे त्याला उत्तरही सविस्तर द्यायला हवं. खंडपीठाच्या त्या आदेशाला पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण तो तांत्रिक भाग सोडा. भीती खरी आहे. मात्र हे दोन्ही आदेश मोकाट कुत्र्यांबद्दल आहेत. लस टोचलेला, हार्नेसमधला, हुकमात असलेला कुत्रा त्यांत येत नाही. गेटवरचा सुरक्षारक्षक हा फरक करील का? नाही करणार, कारण फरक करायला त्याच्या हातात काहीच नाही. त्याला ‘कुत्रा नको’ एवढं सांगितलेलं आहे. म्हणजे मोकाट कुत्र्यांबद्दलचे आदेश जितके कडक होतील तितकी काम करणाऱ्या कुत्र्याला कायदेशीर ओळख देण्याची गरज वाढते. आणि मोकाट कुत्र्यांचा सर्वाधिक त्रास कोणाला? ढाब्यावर उतरलेल्या मदतनीस कुत्र्याच्या अंगावर चार गावठी कुत्री धावून आली की त्याचं काम तिथेच मोडतं, आणि त्याच्या भरवशावर पाऊल टाकणारा माणूस महामार्गाच्या कडेला उभा असतो. या प्रश्नात तो तुमच्या बाजूचा आहे.

तोतयेगिरीबद्दल अमेरिकेचा अनुभव पाहू, कारण तिथे दोन्ही चुका करून झाल्या आहेत. १९९०च्या तिथल्या अपंगत्व कायद्याखालचे आजचे नियम सांगतात, की मदतनीस प्राणी म्हणजे विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्रा. नुसत्या धीरासाठी बाळगलेला प्राणी त्यात बसत नाही. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? कागद मागता येत नाही. पण कुत्रा हुकमात राहत नसेल किंवा घाण करत असेल तर बाहेर काढता येतो. विमान प्रवासात मात्र भावनिक आधाराचे प्राणीही चालत होते, आणि तिथे तुम्ही म्हणता तसंच झालं. लोक काय वाटेल ते घेऊन विमानात चढू लागले. मग डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलला: फक्त शिकवलेला कुत्रा, आणि आरोग्य, वर्तन, शिक्षण यांबद्दल लेखी हमी. दार बंद केलं नाही, व्याख्या आवळली. मला तर वाटतं आपण सुरुवातच आवळलेल्या व्याख्येने करावी आणि कागदही मागावा, कारण रेबीजचा विचार करता अमेरिकेची ढिलाई आपल्याला परवडणार नाही. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आहेच. त्यालाच जोडून कुत्र्याची नोंद, दरवर्षीची रेबीजची लस, कोणतं काम शिकवलं आहे आणि त्याची चाचणी कोणी घेतली एवढं असलं की गेटवरच्या माणसाला वाचायला काहीतरी मिळेल. ज्याचा कुत्रा भुंकतो, ताटाला तोंड लावतो, त्याला बाहेर जायला सांगण्याचा हक्क हॉटेलवाल्याकडे राहावाच.

पूर्वपक्ष: म्हणजे ओळखपत्र मिळालं की पेंच, ताडोबा, सगळीकडे कुत्रा?

उत्तरपक्ष: नाही. इथे तुमची बाजू बरोबर आहे. कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू कुत्र्यांकडून मांजरकुळातल्या मोठ्या प्राण्यांकडे जातो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याने मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या दिवसांत २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. व्याघ्र प्रकल्पात कोणताही कुत्रा जाऊ नये, लस टोचलेला आणि शिकवलेलाही. तिथे अपंग पर्यटकाला माणूस मदतनीस देण्याची जबाबदारी वनखात्याने घ्यावी आणि कुत्र्यासाठी फाटकाबाहेर सावलीची, विजेची जागा करावी. हक्क मागणाऱ्याने आपल्या हक्काची हद्द स्वतः सांगितली तर त्याचं म्हणणं ऐकलं जातं.

पूर्वपक्ष: शेवटचं विचारतो. असे कुत्रे विदर्भात आहेत तरी किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांसाठी एवढं सगळं?

उत्तरपक्ष: ज्याची व्याख्या नाही त्याची मोजणी होत नाही, आणि ज्याला बसमध्ये, गाडीत, हॉटेलात जागा नाही असा कुत्रा दोन वर्षं खपून शिकवायला कोण धजेल? जागा नसल्याचा परिणामच तुम्ही जागा नको याचा पुरावा म्हणून देता आहात. रॅम्पच्या बाबतीत हाच युक्तिवाद वर्षानुवर्षं ऐकला: चाकाची खुर्ची तर कधी येतच नाही. पायऱ्या होत्या म्हणून येत नव्हती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोहोचण्याजोगेपणाची किमान मानकं ही शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारकच हवीत. त्यासाठी २०१७च्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. मदतनीस कुत्र्याबद्दल त्या निकालात काही आहे असा माझा दावा नाही. पण त्यातलं तत्त्व त्याच्यापर्यंत यायला फार लांबचा वळसा पडत नाही.

आणि खर्चाचंच बोलायचं तर मोटरहोम किती जणांना परवडेल? भाड्यानेही नाही. खाजगी उत्तर महागडं असतं आणि ज्याने त्याने आपापलं शोधायचं असतं. ढाब्याच्या एका टेबलाशेजारी दोन फूट जागा द्यायला मालकाला काही खर्च येत नाही. म्हणून मोटरहोमला माझा पाठिंबा आहे तो साधन म्हणून. ते मिळालं की बाकीच्यांची जबाबदारी संपली, असं म्हणायला मात्र नाही.

इथे दोन्ही पक्ष थांबवतो. पूर्वपक्षाच्या अॅलर्जीच्या मुद्द्याला मी पुरेसं उत्तर दिलेलं नाही. बंद डब्यात एकाची गरज आणि दुसऱ्याचा दमा समोरासमोर आले तर दोघांना दूर बसवणं याहून चांगला उपाय मला दिसत नाही. बाकी कामाची यादी लहान आहे आणि ती नागपुरातच सुरू होऊ शकते. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, राज्याच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथे आहे, दिव्यांगांसाठीचं केंद्राचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र इथे आहे. कुत्र्याची चाचणी पहिल्या दोघांनी आखावी, माणसाची गरज तिसऱ्याने तपासावी. ३ डिसेंबर २०२२ ला स्थापन झालेल्या राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने व्याख्येचा शासन निर्णय काढावा, आणि समृद्धीच्या थांब्यांवर तो आधी लागू करावा. वर्धा रोडवर, अमरावती रोडवर ज्यांचं हॉटेल किंवा ढाबा आहे, त्यांनी मात्र शासन निर्णयाची वाट पाहू नये. दारात असा प्रवासी आला तर कुत्रा कशासाठी लागतो आणि त्याला काय काम येतं, एवढं विचारा, लसीचं कार्ड पाहा, आणि भिंतीकडेचं टेबल द्या.